दिवाळीत नको, श्रावणात या

मुंबई, ठाणे, डोंबिवलीहून बदलापूरच्या वाड्या-पाड्यांवर सेवेसाठी येणारी मंडळे, कंपन्यांचे स्वयंसेवक गट आणि महाविद्यालयांची पथके यांना,



दसरा उलटला की माझ्याकडे फोन सुरू होतात. "काका, यंदा चाळीस जणांचा ग्रुप आहे. फराळ, ब्लँकेटं, मुलांना वह्या, सगळं घेऊन रविवारी येतोय. एखादा पाडा सुचवा ना. फक्त बस जाईल असा बघा." मी बेलवलीत राहणारा निवृत्त माणूस. आसपासच्या वाड्यांवर थोडी ये-जा आहे, म्हणून माझा नंबर या हातातून त्या हातात फिरत असतो. फोन करणाऱ्या एकाचाही हेतू वाईट नसतो, हे आधीच सांगून टाकतो. पदरमोड करून, हक्काची सुट्टी घालवून तुम्ही येता. त्याबद्दल मनात आदर आहे. पण दरवर्षी प्रत्येकाला फोनवर तेच ते सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहावं म्हणून हे पत्र.

आधी त्या बसबद्दल. बस जाईल असा पाडा म्हणजे बारवीच्या नाहीतर कोंडेश्वरच्या रस्त्याला लागून असलेला. असे पाडे मोजके, आणि ते सगळ्यांनाच ठाऊक. परिणामी दिवाळीच्या आधीच्या रविवारी एकाच पाड्यावर सकाळी एक गट, दुपारी दुसरा, चहाच्या वेळेला तिसरा. पहिल्यांचं बॅनर दोरीवरून उतरायच्या आत दुसऱ्यांचं बांधायला घेतात. पोरं इतकी सरावली आहेत की बसचा हॉर्न वाजला की आपसूक रांग लावतात, लहान पुढे, मोठी मागे. एका पोराने मला विचारलं होतं, "आज फोटो आदी का खाऊ आदी?" चेष्टा नव्हती त्यात, त्याला फक्त कार्यक्रमाचा क्रम हवा होता. त्याच पाड्यावरच्या एका म्हातारीकडे ब्लँकेटांची थप्पी आहे, आणि ओढा ओलांडून तासाभराच्या चालीवर असलेल्या वाडीत थंडीत गोणपाट पांघरतात. मधे काय आहे? फक्त चिखलाची पायवाट.

पण बसपेक्षा मोठा घोळ तारखेचा आहे.

आमच्याकडच्या वाड्यांवर मुख्यतः ठाकूर आणि कातकरी. ठाकरांकडे थोडीफार भातशेती असते, कातकऱ्यांकडे बहुतेक करून तीही नाही. कोलाम, माडिया गोंड आणि कातकरी या महाराष्ट्रातल्या तीन आदिम जमाती. यांतले कातकरी तुमच्या लोकलच्या खिडकीतून दिसतील इतक्या जवळ राहतात. यांचं वर्ष तुमच्या-आमच्या वर्षासारखं नाही. दिवाळी झाली, भात कापून झालं, की वीटभट्टीचा हंगाम उभा राहतो. भट्टीमालकाकडून पावसाळ्यातच उचल घेतलेली असते. आजारपण, लग्न, नाहीतर नुसतं पोट, कारण कोणतंही. ती फेडायला नवरा-बायको जोडीनं जातात. मागे कोणाकडे ठेवायचं म्हणून पोरंही जातात, आणि पोरांपाठोपाठ कोंबड्या, कुत्रीसुद्धा टेंपोत चढतात. भिवंडी, कल्याण, पनवेल, कर्जत, जिथे माती आणि पाणी असेल तिथे. तिथून सुटका होते ती मे अखेरीस किंवा पहिल्या पावसाला. हिशेबात फिटलं नाही तर बाकी पुढच्या वर्षावर. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली आहे. उचलीची वही मात्र चालूच आहे.

म्हणजे तुम्ही फराळ घेऊन येता तेव्हा निम्मी वाडी बांधाबांध करत असते. वर्षातले हे त्यातल्या त्यात बरे दिवस असतात. नवं भात आलेलं, कापणीची मजुरी हातात पडलेली, उचलीतले चार पैसे शिल्लक. तुमचा चिवडा आणि लाडू पोरं आवडीने खातात, नाही असं नाही. ब्लँकेटही वाया जात नाही, ते टेंपोतून भट्टीवर जातं आणि डिसेंबरात उपयोगी पडतं. पण भुकेचे दिवस कोणते असं त्यांना विचाराल तर दिवाळीचं नाव कोणी घेणार नाही.

भुकेचे दिवस म्हणजे पावसाळ्याचे. त्यातही लावणी उरकल्यावरचे. लावणीत पंधरा-वीस दिवस रोज मिळतो, मग हात रिकामे. भट्टी बंद, बांधकामं बंद, जुनं संपलेलं आणि नवं अजून शेतात हिरवं. सरकारलाही हे माहीत आहे. म्हणून तर १९७८ पासून आदिवासींसाठी खावटी कर्जाची योजना होती, आणि कोरोनाच्या काळात ४००० रुपयांचं खावटी अनुदान जाहीर झालं, निम्मं खात्यात आणि निम्मं धान्य-किराण्याच्या रूपात. तेव्हा यायचंच असेल तर श्रावणात या. श्रावणात तुमच्याकडे उपास असतात, आमच्या वाड्यांवरही असतात, फक्त ते कोणी ठरवून धरलेले नसतात.

श्रावणात येऊन काय करायचं, हा पुढचा प्रश्न. तांदूळ-डाळ-तेल आणाल तर चांगलंच आहे. पण तुमच्या गटात कोणी बँकेत असतो, कोणी वकिलाकडे, कोणी शाळेत, कोणी नुसताच चिकाटीचा. मला खरी गरज या माणसांची आहे. कारण वाडीवरच्या निम्म्या अडचणी कागदाच्या आहेत.

उदाहरण म्हणून जातीचा दाखला घ्या. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. आता ज्याचा आजा जंगलात कात पाडत हिंडला, ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, ज्याच्या घरातला पहिला शाळेत गेलेला माणूस म्हणजे तो स्वतःच, त्याने १९५० चा कागद आणायचा कुठून? पण पुष्कळदा तो असतो. तहसील कचेरीतल्या जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदीत, ज्याला आम्ही कोतवाल बुक म्हणतो, त्यात आज्याचं नाव सापडतं. नाहीतर जुन्या जिल्हा परिषद शाळेच्या जनरल रजिस्टरात एखादा चुलत आजोबा दुसरीपर्यंत शिकलेला निघतो. पानं तपकिरी झालेली, शाई उडालेली, मोडी नाहीतर मोडीच्या वळणाची बाळबोध. कुठे जात 'काथोडी' लिहिलेली, कुठे 'कातकरी'. खिडकीवरचा माणूस म्हणतो दोन्ही वेगळ्या. त्या दोन्ही जातयादीत एकाच नोंदीत आहेत, हे त्याला यादी उघडून दाखवावं लागतं. काहीच सापडलं नाही तर गृहचौकशीचा मार्ग आहे, तलाठी-मंडळ अधिकाऱ्याने वाडीवर येऊन जबाब नोंदवायचे. त्यासाठीही अर्ज, पाठपुरावा, पुन्हा अर्ज. अंबरनाथची तहसील कचेरी, उल्हासनगरचं प्रांत कार्यालय, शहापूरचं आदिवासी प्रकल्प कार्यालय. प्रत्येक खेपेला माणसाची एक दिवसाची मजुरी बुडते, वर रिक्षा-एसटीचं भाडं.

आणि ही कार्यालयं रविवारी बंद असतात.

तुमच्या सगळ्या सहली रविवारी. चाळीस जण रविवारी येण्याऐवजी तुमच्यातले चार जण मंगळवारी रजा टाकून आले आणि वाडीवरच्या दोघांना घेऊन दिवसभर कचेरीत बसले, तर मी त्याला मोठी सेवासहल म्हणेन. चार शिकलेली, नीट बोलणारी माणसं सोबत दिसली की खिडकीवरचा सूर बदलतो. तो का बदलतो यावर वेगळं पत्र लिहिता येईल, पण बदलतो खरा. १५ नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्राने आदिम जमातींसाठी पीएम-जनमन योजना सुरू केली. घरकुल, रस्ते, पाणी, वीज, सगळं त्यात आहे. पण घरकुलाच्या यादीत नाव जायचं तर आधार हवं, बँक खातं हवं, जातीचा दाखला हवा. योजना वाडीच्या वेशीपर्यंत येते आणि एका झेरॉक्ससाठी अडते.

रेशनचंही तसंच. अंत्योदय कार्डावर महिन्याला ३५ किलो धान्य मिळतं. भट्टीवर गेलेल्या कुटुंबाचं ते धान्य गावातच राहतं, कारण दुसऱ्या गावच्या दुकानातही अंगठा लावून ते घेता येतं हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. काहींचं ई-केवायसी झालेलं नसतं, काहींचे अंगठे विटा थापून थापून इतके झिजलेले की मशीन ओळखतच नाही. तुमच्या गटातल्या दोन कॉलेजच्या पोरांनी मोबाइल घेऊन वाडीतल्या प्रत्येक घराचं कार्ड तपासलं, कोणाचं नाव गळलंय, कोणाची सून अजून माहेरच्या कार्डावर आहे याची वही केली, तर पुढचे सहा महिने मला काम पुरतं.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या, म्हणजे एनएसएसच्या, पथकांबद्दल दोन शब्द वेगळे लिहितो, कारण मला ती मनापासून आवडतात. २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात, ही योजना सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास काम आणि एक सात दिवसांचं निवासी शिबिर, हा तिचा सांगाडा. ही पोरं खरंच घाम गाळतात. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू भरून ओढ्यावर वनराई बंधारा घालतात, आणि तो पाणी धरतोही. यांचा एकच घोटाळा, शिबिर हिवाळ्यात. डिसेंबर-जानेवारीत वाडीवर येऊन 'शिक्षणाचं महत्त्व' या विषयावर पथनाट्य करतात तेव्हा समोर म्हातारेकोतारे असतात, शाळेच्या वयाची पोरं भट्टीवर. प्राध्यापक मंडळींनो, हिवाळाच सोयीचा असेल तर शिबिर भट्टीवर घ्या. वसईकडे विधायक संसद या संस्थेने भट्टीवरच्या मजुरांच्या खोपटांतच, म्हणजे भोंग्यांतच, शाळा काढल्या होत्या. भोंगा शाळा म्हणूनच त्या ओळखल्या गेल्या. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे, ते दाखवलं की जिथे असेल तिथल्या शाळेत मूल बसू शकतं. कार्ड खिशात आणि मूल भट्टीवर, असं होऊ नये म्हणून कोणीतरी त्याला हाताला धरून शाळेच्या दारापर्यंत न्यायला हवं. सात दिवसांत तेवढं नक्की होतं.

आता तुम्ही म्हणाल, काका, तुम्हाला लोकांनी येऊच नये असं वाटतं. तसं नाही. मदत घेणाऱ्याच्या जागी आम्ही बेलवली-बदलापूरवालेही बसलो आहोत. उल्हास नदी राजमाचीच्या डोंगरातून निघते, कर्जत, नेरळ करत आमच्या उशाशी येते आणि जुलैत एखाद्या रात्री घरात शिरते. २६ जुलै २००५ आम्ही पाहिला, २०१९ पाहिला, २०२१ पाहिला. पाण्याची पातळी साडेसतरा मीटरला टेकली की हेंद्रेपाड्यापासून वालिवलीपर्यंत कोणाला झोप लागत नाही. पूर ओसरल्यावर घरात गुडघाभर गाळ, फ्रिज आडवा, गव्हाच्या डब्यात नदी. अशा वेळी आमच्याकडेही गाड्या आल्या. काही गाड्यांतून जुने कपडे उतरले. लग्नातल्या शेरवान्या, एकेकट्या चपला, चेन तुटलेल्या पँटी. ते ढीग पावसात भिजून आठवडाभर रस्त्याच्या कडेला पडले आणि शेवटी आमच्याच माणसांना उचलावे लागले. आणि एका गटातली पोरं आली ती फावडी, घमेली, वायपर आणि पाण्याचा पंप घेऊन. बरोबर एक वायरमन आणलेला. त्यांनी आल्या आल्या विचारलं, "सुरुवात कुठून करू?" आणि आम्ही सांगितलं तिथून केली. एका मुलीने प्रत्येक घराचे पंचनाम्यासाठी फोटो काढले आणि नुकसानीच्या याद्या लिहून दिल्या. त्या मंडळाचं नाव आम्हाला आजही आठवतं, कारण त्यांनी बॅनर लावला नव्हता आणि आम्हाला ते मुद्दाम विचारावं लागलं.

त्याच २०१९ च्या २७ जुलैला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मधे पाण्यात अडकली. गाडीत हजाराहून जास्त प्रवासी, त्यांत गरोदर बायका, चहूकडे समुद्र. एनडीआरएफच्या रबरी बोटी आल्या, नौदल आलं, वर हेलिकॉप्टर घिरट्या घालत होतं, हे टीव्हीवर सगळ्या देशाने पाहिलं. टीव्हीवर कमी दिसलेली गोष्ट अशी की चामटोली परिसरातली माणसं त्याआधीच पाण्यात उतरली होती. बांध कुठे आहे, खड्डा कुठे आहे हे त्यांना पायांनी ठाऊक होतं. ज्यांना तुम्ही नेहमी रांगेत उभं राहून वस्तू घेताना पाहता, ती आमच्या भागातली माणसं अशीही आहेत. वाडीवर आलात तर हेही लक्षात असू द्या.

कागदाचं मोल कळायला शेजारचं उल्हासनगर पाहा. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत नव्वद हजारांहून अधिक सिंधी निर्वासित येऊन पडले. ८ ऑगस्ट १९४९ ला त्या छावणीचं उल्हासनगर झालं, पण पत्त्यात अजूनही कॅम्प नंबर एक ते पाच आहेत. त्यांनाही तेव्हा कोणी अन्न दिलं असेल, पांघरूण दिलं असेल. पण पाय रोवायला कामी आले ते १९५४ च्या भरपाई कायद्याखाली भरलेले दावे, बराकीतल्या खोलीच्या मालकीचे कागद, आणि त्या खोलीच्या दारात मांडलेलं पापडाचं, लोणच्याचं दुकान. हातात कागद आला आणि पुढचं त्यांनी स्वतः केलं. कातकऱ्यांचे कागद पंच्याहत्तर वर्षं झाली तरी कोतवाल बुकात पडून आहेत.

सेवेचं शिबिर कसं असावं याचा नमुना हवा असेल तर तो दूर चंद्रपूर जिल्ह्यात सोमनाथला आहे. बाबा आमट्यांनी साठच्या दशकाच्या अखेरीस तिथे तरुणांची श्रमसंस्कार छावणी सुरू केली. तीही मे महिन्यात, विदर्भाच्या उन्हात, म्हणजे हौशी माणूस आपोआप गळावा. पहाटे उठून कुदळ-फावडं, दुपारी व्याख्यानं, रात्री गाणी. मला त्यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. सोमनाथची शेती पिकवतात ती कुष्ठरोगातून बरी झालेली माणसं. शहरातून आलेला मुलगा तिथे पाहुणाही असतो आणि गडीही. काम काय आणि कुठे करायचं हे तिथली माणसं सांगतात. आपल्याच पट्ट्यात कल्याणच्या पत्रीपुलाजवळ कुष्ठरुग्णांची वसाहत आहे. नौदलातून आलेले डोंबिवलीचे गजानन माने तिथे कित्येक वर्षं काम करत राहिले, २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्याकडे बस नव्हती. ते परत परत जात राहिले, एवढंच.

कंपनीवाल्यांना एक आठवण. दोन टक्क्यांच्या सीएसआरचा नियम लागू झाला त्याच २०१४ साली सरकारने परिपत्रक काढून सांगितलं होतं की मॅरेथॉन, पुरस्कार, जाहिरात असले एकवारचे कार्यक्रम त्यात धरायचे नाहीत. टी-शर्ट छापण्याआधी एकदा सध्याचे नियमही वाचा. मला त्या टी-शर्टांचं वाईट वाटत नाही, वाडीवर ते पुढे पाच वर्षं वापरात असतात. आमच्या भागातल्या निम्म्या गुराख्यांच्या पाठीवर कुठल्या ना कुठल्या कंपनीचं ब्रीदवाक्य आहे.

आणि ज्यांना यातलं काहीच जमणार नाही त्यांनी जूनमध्ये बदलापूर स्टेशनबाहेर उतरावं. पानांच्या द्रोणांत जांभळं घेऊन बायका बसलेल्या असतात. २०२३ मध्ये बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं श्रेय झाडांइतकंच झाडावर चढणाऱ्यांचं आहे. पाऊस पडला की शेवळं येतात, सोबत काकडं, मग कंटोळी, कुर्डू, टाकळा. भाव करू नका. मॉलमध्ये करत नाही तसाच इथेही करू नका. शेवळं खाजतात, म्हणून काकडं घातल्याशिवाय रांधू नका. कसं करायचं ते विकणारीलाच विचारा, ती सांगेल आणि तुमच्या अडाणीपणाला हसेलही.

यंदासाठी माझी मागणी नेमकी आहे. तीन मंडळांनी तीन वाड्या वाटून घ्याव्यात, ओढ्यापलीकडची एक धरून. दिवाळीऐवजी ऑगस्टमध्ये यावं, आणि त्याआधी जुलैत दोघांनी एकदा येऊन वाडीत बसून काय हवं ते विचारावं. बायकांना विचारा, पुरुष "द्याल ते" म्हणतात. फोटो काढायचा तर आईला विचारून, आणि तो तिला पाठवा, हल्ली प्रत्येक वाडीत एखादा तरी मोबाइल असतो. निम्मा खर्च धान्यावर, निम्मा कचेरीच्या फेऱ्यांच्या भाड्यावर आणि बुडणाऱ्या रोजावर ठेवा. डिसेंबरात त्याच घरांना भेटायला भट्टीवर जा, पत्ता मी देतो.

जुलैत येताना एवढंच पाहा की लावणीच्या दिवसांत वाडीवर दुपारी कोणी सापडत नाही. सात वाजल्यानंतर या. बॅटरी आणा, पायात चप्पल नको, गमबूट असू द्या. मुसळधार पाऊस असेल तर आदल्या रात्री मला फोन करा. बेलवलीच्या भुयारी मार्गात पाणी भरलं असेल तर पलीकडून कसं यायचं ते सांगेन.

आपला,
बेलवलीचा एक रहिवासी